दाताखालचा ठोका

शहागंजात जुनं घड्याळ दाखवायला गेलात आणि समोरच्या माणसानं ते हातात घेऊन थेट तोंडाशी नेलं, तर कुणीही दचकेल. मीही दचकलो होतो. बन्सीभाऊ साळवे घड्याळ असंच तपासायचे. बारक्या पेचकसाचं टोक घड्याळाच्या पाठीवर टेकवायचं, त्याची मूठ पुढच्या दातांत धरायची, डोळे मिटायचे आणि मिनिटभर गप्प बसायचं. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा सोनं पारखतोय की काय. मग डोळे उघडायचे, निकाल लागायचा, आणि त्या निकालावर अपील चालायचं नाही.

मी हे अधिकारानं सांगतो, कारण सहा वर्षांत माझी अठ्ठावीस घड्याळं त्यांच्या हाताखालून गेली. त्यातली एकवीस नापास झाली.

मी एसटीत कंट्रोलर होतो. एकतीस वर्षं स्टँडवर माईक हातात धरून गाड्या पुकारल्या. त्यामुळे आवाज असा झालाय की घरात मी मीठ मागितलं तरी शेजारी वाटी घेऊन येतील, असं माझी बायको रूपा म्हणते. स्वभावही तसाच, लगेच पेटणारा. एक मात्र उलटं आहे. खरा राग आला की माझा आवाज चढत नाही, उतरतो. ड्रायव्हर-कंडक्टर लोकांना ते ठाऊक होतं. मी ओरडायला लागलो की ते हसायचे आणि मी हळू बोलायला लागलो की गाडी काढायचे.

रिटायर झालो आणि मनगटाकडे बघायची सवय सुटेना. मग जुन्या चावीच्या घड्याळांचा नाद लागला. रोज सकाळी चावी द्यायची तेव्हा दिवसभर चालणार, अशी. सेलचं घड्याळ बिनचूक चालतं, पण त्याच्याशी भांडता येत नाही. पाचोडच्या आठवडी बाजारात जुन्या कुलपांच्या, कंदिलांच्या, पितळी तोट्यांच्या ढिगात अशी घड्याळं मिळतात. पाचशेला, आठशेला. मोबाईलवर तर रानच मोकळं आहे. निळीशार, हिरवीगार, पिवळीधमक घड्याळं, खाली लिहिलेलं असतं, 'ओरिजनल, पन्नास वर्षं जुनं'.

असंच एक निळंशार घड्याळ घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. शहागंजच्या घड्याळ-मनोऱ्यापासून आत वळलेल्या गल्लीत त्यांचं घर. पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. दाराकडे तोंड आणि भिंतीला पाठ करून बसलेले. डोक्यावर बाबासाहेबांची तसबीर, समोर काचेखाली चिमटे आणि पेचकस.

"समोर या. उजेडात उभं ऱ्हावा," ते म्हणाले.

मला वाटलं, घड्याळ नीट दिसावं म्हणून सांगताहेत.

निळं घड्याळ त्यांनी तोंडाशी नेलंसुद्धा नाही. भिंगातून एकदा बघितलं आणि म्हणाले, "नटवी हाय."

"म्हणजे?"

"चेहरा रंगवलाय. पोट तसंच हाय." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "आकडे बगा. जाड-बारीक झालेत का नाय? कारखान्यात छापलेलं आसं फुगत नाय. आन् शेकंदाचा काटा बगा. पार काठापत्तुर जायला पायजे, ह्यो अर्ध्या वाटंत थांबलाय. दुसऱ्याचा हाय त्यो."

मी रंगवलेल्या थोबाडाला भुललो होतो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

त्या दिवशी त्यांनी मला चावी द्यायला शिकवली. हसू नका, चावी देणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. दोन बोटांत धरून सावकाश फिरवायची. दहा-पंधरा फेऱ्यांनी बोटाला ओढ जाणवायला लागली पाहिजे आणि मग एका जागी ती गच्च थांबली पाहिजे. फिरतच राहिली तर आतली कमान तुटलेली. पहिल्याच फेरीला अडली तर आतलं तेल वाळून गोंद झालेलं. मागचं झाकण नाकाशी न्यायचं. ओल्या विळ्यासारखा वास आला की घड्याळानं पाणी प्यालंय, ते ठेवून द्यायचं आणि पुढच्या ढिगाकडे वळायचं. घड्याळ उताणं ठेवायचं, मग उभं धरायचं. काही घड्याळं उभी असताना चालतात आणि पाठ टेकली की बंद पडतात. त्यांना बन्सीभाऊ 'झोपाळू' म्हणायचे. तासाला वीस-पंचवीस मिनिटं पुढं पळणारं 'घाईचं'. त्याच्या केसासारख्या बारीक कमानीचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. आणि ज्याचा ठोका टिक-टिक असा सारखा न पडता टिक्‌टिक, टिक्‌टिक असा जोडीनं पडतो, ते 'लंगडं'.

हे लंगडणं तेवढं दातानं कळायचं. बाकीचं डोळ्यानं आणि बोटानं.

मी घरी आल्यावर पेचकस दातात धरून बघितला. ठोका ऐकू आला खरा, पण लंगडा का धड ते काही कळेना. रूपानं मला तशा अवस्थेत पाहिलं आणि तशीच आत गेली.

अशी आमची दोस्ती जमली. दर आठवड्याला मी जाऊन बसायचो, कधी घड्याळ नेलं की ते नापास करायचे, त्यांच्या पत्नी आवडाबाई चहा आणायच्या. बन्सीभाऊंना माझी संगत आवडायची. का, याबद्दल माझी खात्री होती: घड्याळातलं कळणारा, बऱ्या बोलीचा माणूस शहागंजात दुसरा कोण होता? "तुमचा आवाज लई मोकळा हाय, कंट्रोलर," असं ते अधूनमधून म्हणायचे. मी ते कौतुक समजून खिशात घालायचो.

माणूस हट्टी होता. दुरुस्तीत राम नसला तर घड्याळ हातात परत द्यायचे. गिऱ्हाईक विनवण्या करायचं, हे मान खाली घालून आपल्या कामात. मला ते थोडं उद्धट वाटायचं. मास्कच्या दोन वर्षांत, बाकीचं शहागंज उघडलं तरी त्यांनी दुकान उघडलं नाही. मी म्हटलं, म्हातारा आजाराला भ्यालेला दिसतो.

एकदा सकाळी जरा लवकर गेलो. दुकानात कुणी नव्हतं म्हणून आतल्या दाराशी वाकलो. बन्सीभाऊ पाटावर बसले होते आणि आवडाबाई त्यांच्या डोक्याला तेल लावत होत्या. हात थांबलेले, हनुवटी त्यांच्या टाळूवर टेकलेली, आणि काहीतरी पुटपुटत होत्या. बन्सीभाऊ डोळे मिटून हसत होते. मला बघून बाई अशा बाजूला झाल्या, जसं काही चोरी पकडली. मी खाकरून बाहेर आलो आणि काचेखालचे चिमटे मोजत बसलो.

मग भांडण झालं. म्हणजे मी केलं.

मोबाईलवर मी एक सोनेरी, परदेशी घड्याळ घेतलं होतं. अठ्ठावीस घड्याळांतलं सगळ्यात महाग, रूपाला खरी किंमत अजून माहीत नाही. दुकानात त्या वेळी दोन गिऱ्हाइकं होती. बन्सीभाऊंनी मागचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि त्या दोघांच्या देखत मोठ्यानं हसले.

"कंट्रोलर, मुंडकं एकाचं, धड दुसऱ्याचं! वरली पेटी तेवढी फॉरेनची. आतली मशीन इथलीच कुठली तरी बसवलीया, ती बी सैल. दोन कागदाच्या चिंध्या कोंबल्यात बगा बाजूनं."

चिमट्यानं त्यांनी ती चिंधी बाहेर काढून दाखवली. गिऱ्हाइकं हसली. माझं डोकं फिरलं. घड्याळ उचललं, दारापर्यंत गेलो आणि पाठमोऱ्यानंच, माझ्या त्या उतरलेल्या आवाजात म्हणालो, "दात दाखवून लोकांना फसवतो, लबाड कुठला!"

मागं वळून बघितलं. बन्सीभाऊ मान खाली घालून दुसऱ्याचं घड्याळ पुसत होते. चेहऱ्यावर रेघ हलली नव्हती. मी एवढं बोललो आणि माणसानं मान वर करू नये? तो अपमान मला जास्त झोंबला.

तीन महिने मी त्या गल्लीत पाय ठेवला नाही. वाट बघत होतो की तेच फोन करतील, दोन शब्द सुनावतील, मग मीही सुनावीन आणि प्रकरण मिटेल. फोन आला नाही. मला वाटलं, फारच मनाला लावून घेतलंय.

शेवटी फोन आला तो आवडाबाईंचा.

"भाऊ, तुमी येईनात कामून? ह्यांचं तोंड सुजलंय. पुढचे चारच दात उरलेत, ते बी हालायलेत, पू येतोय. ताप हाय. गल्लीतला डाक्टर म्हन्ला काढून टाका, तर हे मनावरच घेईनात. तुमी येऊन सांगा. ह्यांना तुमचंच ऐकू येतं."

मला भरून आलं. सत्यम म्हणजे पोटचा मुलगा चिकलठाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर, त्याचं ऐकत नाहीत, बायकोचं ऐकत नाहीत, पण माझं ऐकतात! मी राग गिळला आणि गेलो.

उजवा गाल पपईएवढा झाला होता. मला बघून ते सुजल्या तोंडानं हसले, "कंट्रोलर, कुठं हुते इतके दिस?" जसं काही झालंच नव्हतं. मी खडसावलं, "बन्सीभाऊ, दातांपायी जीव देणार का? चला डॉक्टरकडे!" त्यांनी खूप वेळ काचेखालच्या पेचकसाकडे बघितलं. म्हणाले, "दात गेले तर म्या काय करू?"

"कवळी बसवतात. भाकरी खाता येते."

"भाकरीचं कोण बोलतंय," ते म्हणाले. पण उठले.

औरंगपुऱ्यातल्या दातांच्या डॉक्टरीण तरुण होत्या आणि बोलायला गोड. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. त्यांनी विचारलं, "आजोबा, किती दिवसांपासून दुखतंय?"

बन्सीभाऊ म्हणाले, "साळवे. बन्सी साळवे."

"शुगर आहे का?"

"पाचोड. पर आता इथंच ऱ्हातो, शहागंजात."

मी खो-खो हसलो. मग आवडाबाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि हसू तिथंच थांबलं. त्या पदराचं टोक तोंडात धरून जमिनीकडे बघत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला आणि तेच दोन्ही प्रश्न परत विचारले. आता बन्सीभाऊंनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि नीट उत्तर दिलं, "म्हैना झाला. शुगर हाय, गोळी चालू हाय."

सहा वर्षं मी या माणसासमोर बसलो होतो. समोर या, उजेडात उभं राहा. भिंतीला पाठ. मान खाली घातली की कुणाच्या विनवणीला उत्तर नाही. मास्कच्या काळात दुकान बंद. सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं आणि मला एक अक्षर वाचता आलं नव्हतं. मोकळ्या आवाजाचं कौतुकही कौतुक नव्हतं. माझा माईकवरचा गळा त्यांच्या कानात शिरत होता, एवढंच. 'ह्यांना तुमचंच ऐकू येतं' म्हणजे खरंच ऐकू येतं. आणि ज्या शिवीसाठी मी तीन महिने माफीची, नाहीतर भांडणाची वाट बघत बसलो, ती शिवी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मला इतकी लाज वाटली की डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, तुम्हाला चक्कर येतेय का?

दात दुसऱ्या दिवशी काढायचे ठरले. बाहेरच्या बाकावर बसून बन्सीभाऊंनी मला सगळं सांगितलं. मोठ्या आवाजात, रस्त्याकडे बघत.

लहानपणी कान फुटले, ते फुटतच राहिले. बापानं कोमट तेल घातलं, आजीनं कसलासा पाला पिळला, कान काही थांबले नाहीत. शाळेत मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे, त्यामुळे शाळा सुटली. पाचोडहून इथं आले आणि शहागंजातल्या एका उस्तादांकडे झाडलोट करायला लागले. उस्ताद दहा दिवस बघत होते की पोरगं हाक मारली की येत नाही. अकराव्या दिवशी त्यांनी एक चालू घड्याळ घेतलं, त्यावर पेचकस टेकवला आणि त्याची मूठ पोराच्या दातांत दिली.

"उस्ताद म्हन्ले, सुन. आन् कंट्रोलर, म्या ऐकलं! कसं सांगू तुमाला? तव्हापत्तुर आवाज म्हंजी मला गोधडीतून आल्यावानी. ह्यो उघडा आला. टिक, टिक, टिक. म्या रडाया लागलो. उस्ताद म्हन्ले, कान गया तो जाने दे, दाँत तो सलामत है." त्यांनी सुजलेला गाल चाचपला. "म्हनून म्हन्तो, भाकरीचं नाय वो. ठोका गेला तर म्या नुसता जुन्या घड्याळांजवळ बसलेला म्हातारा."

डॉक्टरनं सांगितलंय, जहर जबड्यात उतरेल, एवढंच परत परत मोठ्यानं बोलत राहिलो. दुसऱ्या दिवशी चारही दात निघाले. बन्सीभाऊंनी ते कागदाच्या पुडीत बांधून घेतले.

सूज उतरली, ताप गेला. दुकान उघडलं नाही. मी रोज जायचो. सत्यमनं पूर्वी कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण कान वाहतो म्हणून ते कधीचं पेटीत पडून होतं. आता त्यानं मोबाईलवर काहीतरी घालून आणलं. घड्याळ माईकजवळ धरलं की पडद्यावर ठिपक्यांच्या रेघा उमटतात आणि लंगडं किती ते आकड्यात कळतं. बन्सीभाऊंनी रेघा बघितल्या आणि मोबाईल परत दिला.

"ताप किती हाय ते सांगतंय. दुखतंय कुठं ते नाय सांगत."

हिरड्यांत पेचकस धरूनही त्यांनी बघितला. काही नाही. "गादीवर खडा टाकल्यावानी," म्हणाले. कवळी तीन महिन्यांनी बसणार होती आणि डॉक्टरीणबाईंनी खरं सांगून टाकलं होतं की तिच्यातून दातासारखा आवाज येणार नाही. जेवणं कमी झालं. दाराकडे तोंड करून बसायचे ते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. म्हणजे कुणी काही बोलायलाच नको.

बाराव्या दिवशी मी पाचोडचा बाजार केला. खरं सांगायचं तर एकटाच गेलो आणि शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. चावी फिरवली, ओढ लागली, गच्च थांबली. झाकणाचा वास घेतला. उताणं ठेवलं, उभं धरलं. आकडे सरळ, काटे आपल्याच घरचे, पांढरा डायल पिवळसर झालेला पण रंगवलेला नाही. एक साधं, चावीचं, जुनं एचएमटी. सहाशेला घेतलं आणि तसाच शहागंजात आलो.

"बन्सीभाऊ," मी भिंत आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो, "हे पास करा."

त्यांनी नाइलाजानं घेतलं. चावी दिली, बोटाला बरं वाटलेलं दिसलं. भिंग डोळ्याला लावून झाकण उघडलं. आणि हात थांबला.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. काम झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण आणि साल कोरायचं. मालकाला ते कधी दिसत नाही. पुढच्या कारागिराला कळतं की आपल्याआधी कोण येऊन गेलं. त्या झाकणात तीन खुणा होत्या. मधली होती 'ब', आणि खाली ८७.

"माझं हाय," बन्सीभाऊ म्हणाले. "ह्ये म्या ऐकलेलं हाय, कंट्रोलर. उस्ताद गेले त्या साली."

सवयीनं पेचकसाचं टोक घड्याळावर टेकलं, मूठ तोंडाकडे गेली, आणि ओठापाशी थांबली. त्यांनी ती हिरड्यांत धरलीच, गच्च धरली. डोळे मिटले. मिनिटभरानं मूठ तोंडातून काढली आणि सदऱ्याला पुसली. रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं.

आवडाबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. कप खाली ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, तुमी जरा भाईर हुबं ऱ्हाता का?"

मला क्षणभर राग आला. एवढ्या लांबून आलो, घड्याळ आणलं, आणि बाहेर? पण गेलो. दार लोटलं नव्हतं आणि मी काही संत नाही, आत बघितलं.

आवडाबाई त्यांच्या मागं गेल्या. दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, हनुवटी टाळूवर टेकवली आणि हळूच काहीतरी बोलल्या. एवढ्या हळू की दारातून मला अक्षर ऐकू आलं नाही. बन्सीभाऊंनी मान हलवली. "व्हय, ऐकू आलं की. मंग?" बाई पुन्हा काही बोलल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या हातातला पेचकस घेतला, त्याची मूठ त्यांच्या कानामागच्या हाडावर दाबून धरली आणि टोक घड्याळाच्या पाठीवर टेकवलं.

बन्सीभाऊ आधी वैतागले, हात झटकायला लागले. मग थांबले. त्यांचा हात वर आला आणि बाईंच्या हातावर बसला. मूठ जरा मागं सरकवली, जरा वर, परत खाली. तिथं थांबली. डोळे मिटले.

मी आत कधी गेलो ते मला कळलं नाही.

"लंगडतंय," बन्सीभाऊ डोळे न उघडता म्हणाले. "जरासंच. उजव्या पायानं." गालावरून पाणी ओघळत होतं ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. "दातावानी नाय येत. लांबून येतंय, निम्मं. पर येतंय! कंट्रोलर, येतंय!"

"बाई," मी म्हणालो, "हे तुम्हाला कसं सुचलं?"

आवडाबाईंनी पदर पुढं ओढला. चेहरा लाल झाला होता, साठीच्या बाईचा. "सुचायचं काय त्यात. अडतीस वर्सांमागं लग्न झालं तव्हा सासू-सासरे ह्याच खोलीत निजायचे. ह्यांना ऐकू जावं म्हनून वरडून बोलायची सोय नव्हती. आन् आपलं बोलनं समद्या गल्लीला कशाला? तव्हापसून म्या आसंच बोलते. बारा दिस बगत हुते, ह्यांच्या ध्यानात येईल. सत्यम बसलेला, सून बसलेली, तुमी रोज येता. चारचौघांत कसं सांगावं, डोक्याला डोकं लावून बोलतो म्हनून?"

मी बन्सीभाऊंच्या समोर गेलो, उजेडात उभा राहिलो आणि माझ्या सगळ्या आवाजानं विचारलं, "अहो, अडतीस वर्षं ही बाई तुमच्याशी हाडातून बोलतेय आणि तुमच्या हे ध्यानात कसं आलं नाही?"

बन्सीभाऊंनी डोळे उघडले. पेचकस अजून कानामागंच होता आणि त्यावर दोघांचेही हात.

"हाडाचं कुठून ध्यानात येनार?" ते म्हणाले. "मला वाटायचं, ती बोलती म्हनून ऐकू येतं."

आवडाबाई हात सोडवून घेऊन चहा गरम करायला आत गेल्या.